क्रॉनमधून रोज रात्री पीडीएफ ईमेलला जोडून पाठवायच्या आहेत, पण "मेल -ए" चालत नाही

दिवसअखेर_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात डेबियन १२ चा सर्व्हर आहे. त्याला स्क्रीन नाही, सगळे काम एसएसएचवरून चालते. रात्री दिवसअखेर झाली की स्क्रिप्ट तीन फाइली तयार करते: रोजकीर्द आणि पिग्मी वसुलीचे पत्रक या दोन पीडीएफ, आणि शाखानिहाय शिलकीची एक सीएसव्ही. या तिन्ही फाइली डिचोली आणि वाळपईच्या शाखाधिकाऱ्यांना आणि मडगावच्या लेखापरीक्षकांना ईमेलने जायला हव्यात, तेही कोणी हात न लावता, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय).

"मेल -एस विषय -ए रोजकीर्द.पीडीएफ पत्ता" अशी कमांड दिली, तर मेल जातो पण अटॅचमेंट नसते. दुसऱ्या एका सल्ल्याप्रमाणे यूयूएनकोडमधून फाइल पाइप केली, तर मेलच्या मजकुरातच "बिगिन ६४४" अशी ओळ आणि खाली एम अक्षराने सुरू होणाऱ्या शेकडो ओळी दिसतात. शिवाय बाहेरच्या काही पत्त्यांवर मेल पोचतच नाही, आणि कमांड मात्र चूक म्हणून काही दाखवत नाही.

पोस्टफिक्स (मेल पोचवणारा प्रोग्राम) बसवलेले आहे, इन्स्टॉल करतानाच्या सेटिंगवरच. नेमके काय बदलावे?

टर्मिनल_पणजी

इथे कमांड देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करा. मोठे अक्षर लागेल तिथे तसे सांगतो, बाकी सगळी लहान समजा.

घोडे अडते ते "मेल" या नावापाशी. हे एका प्रोग्रामचे नाव नाही, एकाच नावामागे निदान तीन वेगळे प्रोग्राम असतात. बीएसडी-मेलएक्समध्ये लहान ए म्हणजे हेडरची जादा ओळ, आणि डेबियनवर बहुधा हाच असतो. जीएनयू मेलयुटिल्समध्ये लहान ए हेडरसाठी आणि मोठा ए अटॅचमेंटसाठी. एस-नेल, म्हणजे पूर्वीचे हेअरलूम मेलएक्स, यात लहान ए म्हणजेच अटॅचमेंट. रेड हॅटवाल्यांचा सल्ला डेबियनवर चालत नाही तो यामुळे. तुमच्याकडे कोणता आहे ते "रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/मेल" दिल्यावर लगेच दिसेल. तुमचे वर्णन बीएसडी-मेलएक्सशी तंतोतंत जुळते: तुमच्या फाइलचे नाव हेडरमध्ये जाऊन बसले असणार.

यूयूएनकोड १९८० सालचे, बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी लिहिलेले. फाइलचे बाइट छापता येतील अशा अक्षरांत बदलणे एवढेच त्याचे काम. ४५ बाइटची पूर्ण ओळ झाली की तिचे पहिले अक्षर एम येते, म्हणून तुम्हाला एमची रांग दिसते. "हा भाग मजकूर आणि हा भाग फाइल" हे सांगण्याची सोय त्यात नाही. ती सोय माइम या मेलच्या रचनेच्या नियमांनी आणली. नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांचा त्यावरचा नियमांचा दस्तऐवज, आरएफसी १३४१, जून १९९२ चा. आजचे मेल प्रोग्राम माइमच वाचतात, तेव्हा यूयूएनकोडच्या नादी लागू नका.

मट हा टर्मिनलवरून मेल पाठवणारा प्रोग्राम बसवा: "अ‍ॅप्ट इन्स्टॉल मट". मग ही कमांड:

मट -ई "सेट कॉपी=नो" -ई "सेट यूज_एन्व्हलप_फ्रॉम=यस" -एस "दिवसअखेर" -ए रोजकीर्द.पीडीएफ पिग्मी.पीडीएफ शिल्लक.सीएसव्ही -- पत्ता१ पत्ता२ < मजकूर.टीएक्सटी

यातले एकही चिन्ह शोभेचे नाही.

"-ए" सगळ्या पर्यायांच्या शेवटी हवा. त्याच्यापुढे जे येईल ते मट फाइल समजतो, आणि ही यादी संपली हे त्याला फक्त दोन हायफनांवरून कळते. ते गाळले तर तुमच्या शाखाधिकाऱ्यांचा पत्ता हेसुद्धा फाइलचे नाव ठरते आणि "फाइल जोडता येत नाही" म्हणून मट थांबतो.

मजकूर "<" ने द्यायलाच हवा. काही लिहायचे नसेल तर "< /डेव्ह/नल". नाहीतर मट स्वतःची स्क्रीन उघडून संपादनासाठी वाट पाहत बसतो.

"कॉपी=नो" नसेल तर पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत, अटॅचमेंटसकट, त्या वापरकर्त्याच्या होममधल्या "सेंट" नावाच्या फाइलमध्ये साठत जाते. रोज ५ एमबी धरले तरी वर्षाला पावणेदोन जीबीच्या वर. एक दिवस डिस्क भरते आणि दिवसअखेरच अडते.

"यूज_एन्व्हलप_फ्रॉम" नसेल तर परत आलेले मेल सर्व्हरवरच्या त्या स्थानिक वापरकर्त्याच्या नावावर पडतात, आणि ते कोणी वाचत नाही. त्यासोबत "सेट फ्रॉम=" ला खरा पत्ता द्या.

तीनपैकी एक फाइल जरी नसली तरी मट काहीच पाठवत नाही. म्हणून आधी प्रत्येक फाइलसाठी "टेस्ट -एस फाइलनाव" तपासा. फाइल आहे आणि रिकामी नाही, दोन्ही कळते. आणि स्क्रिप्टने पीडीएफ आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, पूर्ण झाल्यावर "एमव्ही" ने खरे नाव द्यावे. नाहीतर अर्धी लिहिलेली पीडीएफ जाते, आणि "फाइल खराब आहे" असा फोन डिचोलीहून येतो.

म्हापसा_पोस्टफिक्स

मेल जुळवणे एक काम, पोचवणे दुसरे. वरच्या उत्तरात पहिले झाले. बाहेरचे पत्ते अडतात ते दुसऱ्यामुळे.

कमांड गप्प राहिली म्हणजे मेल पोचला असे नाही. मटने तो स्थानिक पोस्टफिक्सच्या हवाली केला, एवढेच त्यातून कळते. पुढे काय झाले ते "मेलक्यू" दाखवते, आणि कारण "जर्नलसीटीएल -टी पोस्टफिक्स/एसएमटीपी" मध्ये सापडते. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे /व्हार/लॉग/मेल.लॉग शोधत बसू नका.

ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट २५ नंबरच्या पोर्टने मेल पाठवणे आता चालत नाही म्हणूनच समजा. कनेक्शनचा आयपी पत्ता बदलता असतो, उलटी डीएनएस नोंद तुमच्या नावाची नसते, थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असे पत्ते मुळातच असतात, आणि बरेच इंटरनेट पुरवठादार २५ बंदच ठेवतात. उपाय एकच: पोस्टफिक्सला तुमच्या मेल सेवेमार्फत, ५८७ पोर्टवर, नाव-पासवर्ड देऊन पाठवायला सांगायचे. जीमेल धरून /ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ मध्ये:

रिलेहोस्ट = [एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७
एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_एनेबल = यस
एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/एसएएसएल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअ‍ॅनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट

चौकोनी कंस ठेवा. त्यामुळे पोस्टफिक्स एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी) न शोधता थेट त्याच सर्व्हरकडे जातो. पासवर्डच्या फाइलमध्ये एकच ओळ: रिलेहोस्टसाठी लिहिले तेच, कंसासकट, अक्षर न अक्षर, मग जागा सोडून "खाते:पासवर्ड". नंतर "पोस्टमॅप" चालवा, आणि मूळ फाइल व तयार झालेली .डीबी फाइल दोन्हींना "सीएचमॉड ६००".

दोन ठिकाणी लोक हमखास अडतात. "नो मेकॅनिझम अव्हेलेबल" असे लॉगमध्ये आले तर लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे पॅकेज नाही. "५३४ ५.७.९" आले तर खात्याचा नेहमीचा पासवर्ड दिला गेला आहे. साध्या जीमेल खात्यांवर ३० मे २०२२ पासून तो अशा प्रोग्रामना चालत नाही. खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा आणि मधल्या जागा गाळून तो लिहा.

मडगाव_शेल

एवढा पसारा खरेच लागतो का? कर्ल, म्हणजे नेटवरून डेटा नेणारी-आणणारी कमांड, बहुतेक ठिकाणी असतेच. आवृत्ती ७.५६.० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून, ते स्वतः माइम जुळवते: "--एसएसएल-रेक्ड", "--मेल-फ्रॉम", "--मेल-आरसीपीटी", मग मोठ्या एफने एकदा मजकूर आणि एकदा फाइल. फाइलच्या भागाला ";एन्कोडर=बेस६४" जोडायला विसरू नका. हेडर मोठ्या एचने. ना मट, ना पोस्टफिक्स.

म्हापसा_पोस्टफिक्स

@मडगाव_शेल, एखादी फाइल हाताने पाठवायची असेल तर कर्ल उत्तमच. रोजच्या कामाला नको, कारण त्याला रांग नाही. एमएसएमटीपी या मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचेही तसेच: सुटसुटीत, पण जोडणी त्या क्षणी मिळाली नाही तर चूक सांगून मोकळे.

जुलैत फोंड्यात रात्री साडेनऊला वीज किंवा नेट जाणे काही नवलाचे नाही. पोस्टफिक्स मेल डिस्कवर लिहून झाल्यावरच "घेतला" म्हणतो. सर्व्हर मधेच बंद पडून सकाळी उठला तरी रांग जागेवर असते. न गेलेला मेल तो ३०० सेकंदांनी पुन्हा पाहतो, मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतो, आणि ५ दिवस प्रयत्न करून मगच परत पाठवतो. चवथीच्या सुट्टीत लाइन दोन दिवस गेली तरी मेल हरवत नाही. नेट आल्याबरोबर रांग ढकलायची तर "पोस्टक्यू -एफ".

आणि कर्लमध्ये मराठी विषय तुम्हाला स्वतः आरएफसी २०४७ च्या रूपात, बेस६४ करून लिहावा लागेल. मट ते आपणहून करतो.

दिवसअखेर_फोंडा

देव बरे करो. मट आणि रिलेहोस्ट दोन्ही बसले, टर्मिनलवरून तिन्ही फाइली मडगावला पोचतात. आता उरलेले:

क्रॉनमधून पाठवला की विषयाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. क्रॉनच्या ओळीत तारखेचे नाव घालायला "डेट +%एफ" (एफ मोठा) दिले आहे, तर कमांड तिथेच तुटते. लेखापरीक्षकांना "रोजकीर्द.पीडीएफ" हे नाव विचित्र अक्षरांत दिसते, आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की शाखांची नावे वाचता येत नाहीत. महिनाअखेरची स्कॅन जोडलेली पीडीएफ १२ एमबीची होते. तिला "मेसेज फाइल टू बिग" असे उत्तर मिळते.

टर्मिनल_पणजी

प्रश्नचिन्हे: क्रॉन तुमच्या लॉगिनचे वातावरण घेत नाही. लँग दिलेले नसले की मट सी लोकेल (भाषा-लिपीची अगदी मूळ सेटिंग) धरतो, आणि त्यात देवनागरी नाही. क्रॉनटॅबच्या अगदी वर "लँग=सी.यूटीएफ-८" ही ओळ (सगळी अक्षरे मोठी) लिहा. पाथही तिथे तोकडा असतो, /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच, म्हणून पोस्टक्यूसारख्या कमांड पूर्ण मार्गाने द्या.

टक्क्याचे चिन्ह: क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का म्हणजे नवी ओळ, आणि पहिल्या टक्क्यापुढचे सगळे कमांडला इनपुट म्हणून दिले जाते. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. त्याहून बरे म्हणजे सगळे एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा मार्ग. स्क्रिप्टच्या आत टक्क्याला हा अर्थ नाही.

फाइलचे नाव: माझा आग्रह आहे की अटॅचमेंटचे नाव रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता ठेवा. "रोजकीर्द" मध्ये युनिकोडची आठ चिन्हे आहेत: र, ओकार, ज, क, ईकार, र, हलन्त, द. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २४. आरएफसी २२३१ प्रमाणे हेडरमध्ये प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अंक असा लिहिला जातो, म्हणजे ७२ अक्षरे. मट नियमाप्रमाणेच लिहितो, पण समोरचा जुना मेल प्रोग्राम ती पद्धत वाचत नसेल तर तुमच्या हातात काही उरत नाही. मराठी विषयात आणि मजकुरात हवे तेवढे लिहा, ते सगळीकडे नीट दिसते. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घाला. लेखापरीक्षकांकडे फाइली आपोआप क्रमाने लागतात.

सीएसव्ही: फाइल बरोबरच आहे. नुसती दुहेरी टिचकी मारून उघडली तर एक्सेलला ती यूटीएफ-८ आहे हे कळत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएमचे (यूटीएफ-८ ची खूण) तीन बाइट, ईएफ बीबी बीएफ, "प्रिंटएफ" ने लिहा आणि त्यामागे मूळ मजकूर जोडा. एक लक्षात ठेवा: हीच सीएसव्ही दुसरी एखादी स्क्रिप्ट वाचत असेल तर पहिल्या स्तंभाच्या नावाला हे तीन बाइट चिकटतात. म्हणून बीओएमची प्रत फक्त मेलसाठी वेगळी करा.

म्हापसा_पोस्टफिक्स

१२ एमबीचे गणित असे. अटॅचमेंट बेस६४ होऊन जाते: ३ बाइटची ४ अक्षरे, दर ७६ अक्षरांनी ओळ तुटते आणि ओळ संपवायला आणखी २. म्हणजे ५७ बाइटचे ७८ होतात, साधारण १.३७ पट. तुमची फाइल मेलमध्ये साडेसोळा एमबी भरते. पोस्टफिक्सची मुळातली मर्यादा, मेसेज_साइझ_लिमिट, १०२४०००० बाइट आहे. म्हणजे खरी फाइल साडेसात एमबीच्याही आत हवी, आणि तीही एकटीच. "पोस्टकॉन्फ -ई" ने ती ३००००००० करा, मग "पोस्टफिक्स रीलोड". ५१२००००० च्या वर मात्र नेऊ नका. पोस्टफिक्सची मुळातली मेलबॉक्स_साइझ_लिमिट तेवढीच असते, आणि ती मेसेजच्या मर्यादेपेक्षा लहान झाली की स्थानिक मेल वाटणे थांबते.

पुढची भिंत रिलेची, म्हणजे ज्याच्यामार्फत मेल जातो त्या सर्व्हरची. ५८७ वर जोडल्यावर जीमेलचा सर्व्हर "साइझ ३५८८२५७७" असे सांगतो. २५ एमबीची फाइल बेस६४ होऊन जेवढी होते तेवढाच हा आकडा, वर थोडी जागा हेडरला. त्यापुढे मेल घेणाऱ्याची मर्यादा याहून कमी असू शकते. म्हणून मर्यादा वाढवण्याइतकेच फाइल लहान करणेही गरजेचे. घोस्टस्क्रिप्टला "-डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक" (पीडीएफसेटिंग्ज मोठ्या अक्षरांत) दिले की आतली चित्रे १५० डीपीआयवर येतात; स्कॅन केलेल्या पावत्या वाचायला तेवढे पुरते.

डिचोली_शेल

एक गोष्ट राहून जाते आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पिग्मी पत्रकात ठेवीदारांची नावे, खाते क्रमांक, रकमा आहेत. ५८७ वरचे टीएलएस एन्क्रिप्शन फक्त वाटेपुरते. समोरच्या मेलबॉक्समध्ये फाइल उघडीच पडते, आणि कोणी चुकून पुढे धाडली तर संपले. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ही.

पीडीएफला पासवर्ड लावायला क्यूपीडीएफ: "क्यूपीडीएफ --एन्क्रिप्ट पासवर्ड१ पासवर्ड२ २५६ -- आतली.पीडीएफ बाहेरची.पीडीएफ". पहिला पासवर्ड उघडणाऱ्याचा, दुसरा मालकाचा. कमांडवर लिहिलेला पासवर्ड "पीएस" मध्ये इतरांना दिसतो, म्हणून हे सगळे पर्याय एका फाइलमध्ये ओळीला एक असे लिहा, त्या फाइलला ६०० परवानगी द्या आणि "क्यूपीडीएफ @फाइलनाव" असे चालवा. उघडण्याचा पासवर्ड फोनवर सांगा. त्याच मेलमध्ये लिहून पाठवला तर कुलपाशेजारी किल्ली ठेवल्यासारखे होईल.

सीएसव्हीला असे कुलूप नाही. लेखापरीक्षकांकडे जीपीजी (फाइली एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) असेल तर त्यांच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करा. क्रॉनमध्ये "--बॅच" आणि "--ट्रस्ट-मॉडेल ऑलवेज" लागेल, नाहीतर किल्लीवर भरवसा आहे का, याच प्रश्नापाशी काम थांबते. भरवसा आधीच करून घ्यायचा: किल्लीचा ठसा फोनवरून अक्षर अक्षर जुळवून.

आणि डिचोलीची यादी वाळपईला कशाला? शाखेगणिक वेगळी फाइल, वेगळी मट कमांड. सगळ्यांना एकच मेल टाकण्यापेक्षा चार ओळी जास्त, पण तेच बरोबर.

दिवसअखेर_फोंडा

शाखेगणिक वेगळे करतो, क्यूपीडीएफही लावतो. एकच शेवटचे: एखाद्या रात्री मेल गेला नाही हे सकाळी कसे कळावे? क्रॉनचा मेलटू (कमांडचे उत्तर मेलने कळवण्याची सोय) त्याच पोस्टफिक्समधून जाणार, मग तोही अडकेल.

म्हापसा_पोस्टफिक्स

बरोबर, म्हणून मेलटूवर विसंबू नका. मटच्या ओळीनंतर "|| लॉगर -टी दिवसअखेर 'मट अडला'" ठेवा. मेल जुळलाच नाही तर जर्नलमध्ये नोंद राहते. जुळला पण गेला नाही, यासाठी सकाळी ८ वाजता दुसरी क्रॉन: "/यूएसआर/एसबिन/पोस्टक्यू -पी" चे उत्तर "मेल क्यू इज एम्प्टी" नसेल तर तेच उत्तर एका फाइलमध्ये लिहा, आणि /ईटीसी/प्रोफाइल.डी मध्ये ती फाइल दाखवणारी छोटी स्क्रिप्ट टाका. जो सकाळी एसएसएचने आत येईल त्याच्या डोळ्यासमोर ती रांग येते, कारणासकट. "कनेक्शन टाइम्ड आउट" असेल तर नेट पाहा आणि "पोस्टक्यू -एफ" द्या. "५३५" असेल तर पासवर्ड चालेनासा झाला आहे: गूगल खात्याचा पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, नवा काढून पुन्हा "पोस्टमॅप" करा. रांगेत अडकलेले मेल पुन्हा पाठवायची गरज नाही, "पोस्टक्यू -एफ" दिले की तेच जातात.